चोच दिसेपर्यंत थांबावे

मित्रहो, उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील पानझडीच्या जंगलांत एप्रिल ते जून या काळात फुलणाऱ्या जिरेनियम मॅक्युलेटम या रानफुलाची ओळख करून देण्याचे मी कबूल केले आहे, पण त्याआधी नावाचा गुंता सोडवणे भाग आहे. कुंडीत लालभडक फुलणाऱ्या ज्या झाडाला सगळे जिरेनियम म्हणतात, ते खरे पेलार्गोनियम असून त्याच्या बहुतेक जाती मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या आहेत. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये ही सगळी मंडळी एकाच प्रजातीत बसवली होती. पुढे १७८९ मध्ये लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या कामामुळे पेलार्गोनियम आणि त्यांचेच नातलग इरोडियम वेगळी झाली, तरी जुने नाव कुंडीला चिकटले ते चिकटलेच. ग्रीक भाषेत जेरानोस म्हणजे क्रौंच, पेलार्गोस म्हणजे कोल्ह्याच्या गोष्टीतला आपला करकोचा आणि इरोडिओस म्हणजे बगळा. तिघेही लांब चोचीचे पक्षी आहेत, कारण नावे ठेवणाऱ्यांची नजर फळावर होती. आपण मात्र फुलाच्या रंगावर भाळतो, आणि माझे सारे म्हणणे याच एका मुद्द्याभोवती आहे.

हा मुद्दा मला एका चुकीने शिकवला. मे महिन्याच्या सुरुवातीला तिथल्याच एका नदीकाठच्या ओलसर झाडीत मला हाताच्या पंजासारख्या खोल चिरलेल्या पानांचा दाट ताटवा दिसला. फूल एकही नव्हते, परंतु पानाची ठेवण इतकी ओळखीची वाटली की बरोबरच्या मंडळींना मी ठामपणे जिरेनियम मॅक्युलेटम हे नाव सांगितले आणि त्यांनी ते वहीत उतरवून घेतले. तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा सगळा ताटवा पांढऱ्या फुलांनी भरला होता आणि प्रत्येक फुलाच्या मध्यभागी पिवळ्या पुंकेसरांचा झुबका होता. तो कॅनडा ॲनिमोन होता, म्हणजे वेगळ्याच कुळातली वनस्पती. मग मी गुडघे टेकून खोड पाहिले. ॲनिमोनची वरची पाने बिनदेठाची असतात आणि खोडाला गळपट्ट्यासारखी वेढून बसतात, तर जिरेनियमच्या खोडावरची पाने समोरासमोर जोडीने येतात, त्यांना आखूड का होईना देठ असतो आणि देठाच्या बुडाशी लहान उपपर्णे, म्हणजे चिमुकल्या पानांसारखे भाग, असतात. ही खूण पहिल्या भेटीतही माझ्यासमोरच होती, पण मी वाकून पाहिले नव्हते. मंडळींच्या वह्यांमधले नाव मी त्याच दिवशी दुरुस्त करून घेतले.

वाकून पाहण्यावरून श्प्रेंगेल या जर्मन शिक्षकाची आठवण होते. १७८७ मध्ये त्यांना रानातल्या दुसऱ्या एका जिरेनियमच्या, म्हणजे सिल्व्हॅटिकमच्या, पाकळीच्या बुडाशी बारीक लव दिसली. ही लव पावसाच्या पाण्यापासून मधुरसाचे रक्षण करत असावी असे त्यांना वाटले, आणि त्या एका विचारातून फुले व कीटक यांच्या नात्याचा त्यांचा मोठा अभ्यास उभा राहिला. त्यावर आणखी पुष्कळ बोलता येईल, पण अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा कबूल केलेली ओळख आता भराभर सांगतो.

जिरेनियम मॅक्युलेटमचे फूल सुमारे तीन सेंटिमीटर रुंद आणि गुलाबी-जांभळे असते. त्याच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात आणि पुंकेसर दहा असतात. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या सहसा वेगळ्या दिसतात, तर इरोडियममध्ये दहांपैकी पाचच पुंकेसरांना परागकोश असतात. मोजणी ताज्या फुलातच करावी, कारण परागकोश लवकर गळतात आणि कुक्षीच्या पाच शाखा त्यानंतर उलगडतात. गळून गेले असतील तर पुंकेसरांचे तंतू मोजावेत.

जवळच्या नातलगांपैकी कॅरोलिनियानम लहान आयुष्याचे असून त्याची फिकट फुले जेमतेम एक सेंटिमीटरची असतात. रॉबर्टियानमचे पान पार बुडापर्यंत चिरून वेगवेगळ्या पर्णिकांचे होते आणि चुरडले की उग्र वास येतो. मॅक्युलेटम बहुवर्षायू असून त्याला जमिनीखाली आडवे, जाड खोड असते, पण खात्री करण्यासाठी ते उपटण्याची काहीच गरज नाही.

फळ मात्र अवश्य पाहावे. पाकळ्या गळल्यावर मधला दांडा चोचीसारखा लांबतो आणि वाळला की त्याच्या पाच पट्ट्या बुडापासून सुटून झटक्यात वर वळतात, त्यासरशी बी दूर फेकले जाते. इरोडियमची पट्टी मात्र बियाबरोबरच खाली पडते आणि मळसूत्रासारखी पिळवटत बी मातीत रोवते. मागच्या टेबलावर कागदी पुडीत मॅक्युलेटमची वाळलेली फळे आणि एक भिंग ठेवले आहे. वर वळलेल्या पट्ट्या अजून दांड्याच्या टोकाला धरून आहेत, म्हणून पुडी हलक्या हाताने उघडावी.