प्लायवूडच्या दोन रेघा

कोल्हापूरच्या टिंबर मार्केटमध्ये गिऱ्हाईक प्लाय मागतं ते एमएममध्ये आणि नगावर. जगाचा व्यापार मात्र घनमीटरमध्ये मोजतात. आठ बाय चार फुटांचे, 18 एमएमचे साधारण साडेअठरा शीट रचले की एक घनमीटर भरतो. पुढचा हिशेब त्याच मापानं करू.

समोर पडद्यावर एक आलेख उघडलाय, त्यात दोन रेघा आहेत. लाल इंडोनेशियाची, निळी मलेशियाची. कुणी किती प्लायवूड परदेशी विकलं, ते त्या दाखवतात.

1980च्या आधी लाल रेघ तळाशीच आहे. जंगल तर अफाट होतं. पण बोर्निओ-सुमात्राचे ओंडके जहाजं भरभरून जपान, कोरिया, तैवानला जायचे आणि प्लायवूड तिथल्या कारखान्यांत बनायचं. मग इंडोनेशियानं ओंडक्यांची निर्यात टप्प्याटप्प्यानं आवळली आणि 1985 मध्ये पुरती बंद केली. लाकूड हवं असेल तर पातळ थरांत सोलून, चिकटवून, शीट करूनच न्यायचं! आता रेघ बघा. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला 80 लाख घनमीटरच्या वर. म्हणजे पंधरा कोटींच्या आसपास शीट. कुठल्या बाजारात किती माल पाठवायचा, भाव काय लावायचा, हे 'अपकिंडो' ही कारखानदारांची संघटना ठरवायची. तिची सूत्रं होती राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांचे निकटवर्ती बॉब हसन यांच्या हातात.

1998च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींमुळे ही मक्तेदारी मोडली. लाल रेघ पुढे उतरली, त्याचं तेवढंच कारण सांगितलं जातं, ते मला अपुरं वाटतं. कारखान्यांची भूक जंगलाच्या वाढीपेक्षा कितीतरी मोठी झाली होती. बेकायदा तोड वाढली, जाड खोडं दुर्मिळ झाली, आणि चीनचा स्वस्त माल बाजारात उतरला.

निळी रेघ सावकाश चढते. मलेशियातल्या साबा राज्यानं 1993 मध्ये ओंडक्यांची निर्यात रोखली, शेजारच्या सारावाक राज्यानंही लाकडाचा वाटा स्थानिक कारखान्यांसाठी राखला. 2000 नंतरच्या काही वर्षांत ती लाल रेघेच्या वर गेली. पुढे तीही उतरली. म्हणून दोन देशांचे आकडे शेजारी मांडताना ओंडक्यांवरच्या बंदीची सालं त्याच आलेखावर लिहायला हवीत. नाहीतर एक देश हुशार आणि दुसरा आळशी, एवढंच त्यातून दिसतं. जंगल किती उरलं, ते दिसतच नाही.

ओंडक्यांवरच्या बंदीचा परिणाम आपल्याकडेही दिसला. प्लायच्या वरच्या थराला गर्जन लाकूड वापरलं जायचं आणि ते मोठ्या प्रमाणात म्यानमारमधून यायचं. 1 एप्रिल 2014 पासून म्यानमारनं ओंडके बाहेर देणं थांबवलं. हळूहळू वरच्या थरावर ओकुमे दिसू लागलं. हे झाड मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉनचं. त्या देशानंही 2010 मध्येच ओंडक्यांची निर्यात बंद केली होती, म्हणून लाकूड तिथेच सोलून पातळ थरांच्या रूपात येतं. हरियाणातल्या यमुनानगरमध्ये ते पॉप्लर आणि निलगिरीवर चिकटवलं जातं.

2019 आणि 2021च्या पुरानंतर कोल्हापूरकर प्लाय घेताना 'पाण्यात टिकेल ना?' असं आवर्जून विचारतात. दुकानदार आयएस 710चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का दाखवतो, आणि तो बघूनच घ्यावा. त्याच वेळी वरचा थर कुठल्या लाकडाचा, कुठल्या देशाचा, हेही विचारा. बिलावर प्रत आणि जाडी असते. या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराकडूनच काढून घ्यावं लागतं.