डिस्चार्ज कार्ड आणि बिस्किटांचा डबा

(ज्येष्ठ नागरिक संघातील व्याख्यान, संपादित)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी माझी ओळख 'आपले मेडिकलवाले' अशी करून दिली. सत्तावीस वर्षं हेच ऐकतोय. दूधवाला, पेपरवाला, मेडिकलवाला! वास्तविक २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सप्रमाणे रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच आहे. पण काउंटरवर बोलणं 'किती टक्के सोडणार?' याच्या पुढे सरकेल तर ना! (हशा) हसलात, म्हणजे तुम्हीही विचारलंयत.

तर विषय, हॉस्पिटलमधून घरी येताना औषधांचं काय होतं. आमच्या गल्लीतल्या एका काकांची अँजिओप्लास्टी झाली. डिस्चार्ज सकाळी लिहिला, विम्याची मंजुरी येईतो संध्याकाळचे सहा. मुलगा बिलाच्या खिडकीशी, सूनबाई पार्किंगवाल्याशी भांडतायत, आणि इकडे सिस्टर दीड मिनिटात सात गोळ्या समजावतायत. त्यांचा दोष नाही, त्यांची ड्युटी कधीच संपलेली. काका मान डोलावतायत. कानाचं मशीन पिशवीत!

घरी बिस्किटांचा डबा. त्यात बीपीच्या जुन्या गोळ्या. त्यातच हॉस्पिटलच्या नव्या पडल्या. नाव वेगळं, रंग वेगळा, आत दोन्हींत मेटोप्रोलॉलच, म्हणजे बीपी आणि नाडी दोन्ही उतरवणारं औषध. काका रिटायर्ड पोस्टमास्तर, शिस्तीचे. दोन्ही वेळच्या वेळी घेतल्या. पाचव्या दिवशी माझ्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसले. "घेरी येतेय रे." नाडी पाहिली, ४२! आधी रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं, मग काकूंकडून डबा मागवला. वर दोन खारी निघाली, खाली गोळ्या. जुनं पाकीट मीच कात्रीने कापून दिलेलं, पाचच हव्या होत्या म्हणून. नाव राहिलं माझ्याकडच्या तुकड्यावर. आता बोला.

काका ठणठणीत आहेत, काळजी नको. तिसऱ्या रांगेत... नाही, बघू नका मागे.

पाचच मिनिटं? अहो, मूळ मुद्दा राहिलाच की! भरभर सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा टाळायची मोहीम काढली, तिच्या तीन मुख्य विषयांत हा हॉस्पिटल ते घर टप्पा आहे. फार्मासिस्टने घरची आणि हॉस्पिटलची यादी शेजारी शेजारी ठेवायची. प्रत्येक गोळीपुढे लिहायचं, चालू, बंद, डोस बदलला की नवी. कार्डावर नव्या गोळ्या असतात, 'बंद' सहसा कुणी लिहीत नाही. शंका आली तर डॉक्टरांना फोन, दोन-तीन दिवसांनी रुग्णाला फोन. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, ज्यांना बसवलाय त्यांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने सोडायच्या नाहीत. वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीची तारीख कार्डावर लिहून घ्या. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, रोज नव्हे! ॲसिडिटीची गोळी किती दिवस घ्यायची, तेही विचारा. हॉस्पिटलात सुरू झालेली पुढे वर्षानुवर्षं चालते. मोठ्या हॉस्पिटलात क्लिनिकल फार्मासिस्ट, म्हणजे वॉर्डात रुग्णांची औषधं तपासणारे फार्मासिस्ट, असतील तर निघण्याआधी त्यांना भेटायचंय म्हणून सांगा.

हो हो, थांबतो. घरचे डबे ज्यांनी आणलेत त्यांनी चहा घेऊन मागच्या टेबलाशी यावं. खारी आधी काढून ठेवा.