ग्रंथालयातला निवासी कलावंत

श्रोतेहो, नमस्कार.

सार्वजनिक ग्रंथालयाने एखाद्या चित्रकाराला, लेखिकेला, संगीतकाराला किंवा छायाचित्रकाराला काही महिने आपल्या इमारतीत कामाची जागा द्यावी, मानधन द्यावे, आपला संग्रह त्यांच्यापुढे मोकळा करावा आणि त्यांचे काम चालू असताना काही ठरावीक वेळी सभासदांनाही तेथे येऊ द्यावे, अशा एका उपक्रमाविषयी मी आज आपल्याशी बोलणार आहे. निवासी कलावंत या नावाने तो ओळखला जातो. बहुतेक ठिकाणी कलावंत ग्रंथालयात मुक्कामाला नसतो. तो ठरलेल्या दिवशी येतो, काम करतो आणि घरी जातो.

या उपक्रमात दोन वेगळ्या परंपरा एकत्र आल्या आहेत, आणि त्या दोन्हींचा एक महत्त्वाचा टप्पा अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातील पीटरबरो या एकाच छोट्या गावाशी जोडलेला आहे. १८३३ साली या गावाने कराच्या पैशातून चालणारे आणि सर्वांना विनामूल्य खुले असलेले ग्रंथालय स्थापन केले. अशा प्रकारच्या अगदी पहिल्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. त्याच गावात १९०७ साली संगीतरचनाकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि त्यांच्या पत्नी, पियानोवादक मॅरियन मॅकडॉवेल यांच्या शेतजमिनीवर कलावंतांसाठी एक वसाहत सुरू झाली. तेथे प्रत्येक कलावंताला झाडीत स्वतंत्र कार्यशाळा मिळते. दुपारचे जेवण टोपलीतून दाराशी ठेवले जाते, म्हणजे कामात कोणाचाही व्यत्यय येत नाही. एका संस्थेचे दार कोणीही उघडावे यासाठी आहे, तर दुसरीचे दार कोणी उघडू नये यासाठी. ग्रंथालयातल्या निवासी कलावंताला ही दोन्ही दारे एकाच वेळी सांभाळावी लागतात. या उपक्रमाची सगळी अडचण आणि त्याचे सगळे सामर्थ्य यातच आहे, असे मला वाटते.

कलावंत आणि ग्रंथालय यांचे नाते तसे जुने आहे. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने १९१५ साली चित्रसंग्रह विभाग सुरू केला. मासिके, पुस्तके आणि छापील पत्रके यांतून काढलेली चित्रे विषयवार लावून ठेवायची आणि पुस्तकांसारखी घरी नेऊ द्यायची, अशी त्याची पद्धत होती. १९२९ पासून १९६८ पर्यंत रोमाना जाविट्झ या ग्रंथपाल त्या विभागाच्या प्रमुख होत्या. भित्तिचित्रकार दिएगो रिवेरा, तसेच जोसेफ कॉर्नेल आणि अँडी वॉरहॉल हे त्या संग्रहाचा उपयोग करणाऱ्यांपैकी होते. तरीही तेथे कलावंत हा एक वाचकच होता. हवे ते घेऊन तो आपल्या कार्यशाळेत परत जाई, आणि त्या सामग्रीचे पुढे काय झाले हे शेजारच्या टेबलावर बसलेल्या वाचकाला कधी कळत नसे. निवासी कलावंताच्या उपक्रमात ही मधली, एरवी न दिसणारी वाट लोकांसमोर येते. जुन्या नकाशावरून काढलेली पहिली रेघ, खोडलेले परिच्छेद, चौथ्यांदा बदललेली चाल हे सारे सभासदांना पाहता येते. पुस्तकांच्या कपाटात आपल्याला नेहमी पूर्ण झालेलेच काम भेटते. ज्या मुलाला किंवा निवृत्त गृहस्थांना स्वतः काही लिहावेसे, रेखाटावेसे वाटते, त्यांना धीर मात्र अपुऱ्या कामाकडे पाहूनच येतो, आणि म्हणून मला हा उपक्रम मोलाचा वाटतो.

तो कसा चालतो, याची काही उदाहरणे आपल्यापुढे आहेत. कॅनडातल्या रेजिना शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९७८ पासून निवासी लेखक नेमले जातात. लेखक स्वतःचे लेखन करतो आणि शहरातल्या नवोदितांची हस्तलिखिते वाचून त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलतो. अमेरिकेतल्या मॅडिसन येथे २०१३ साली मध्यवर्ती ग्रंथालयाची नूतनीकरण केलेली इमारत उघडली. तेव्हा ‘बबलर’ नावाचा विभाग सुरू झाला, आणि त्यात निवासी कलावंतांसाठी जागा ठेवण्यात आली.

कॅनडातल्या अनेक निवासी लेखकांच्या करारात वेळेची विभागणी स्पष्ट लिहिलेली असते: साठ टक्के वेळ लेखकाच्या स्वतःच्या कामासाठी आणि चाळीस टक्के लोकांसाठी. हे आकडे कोणाला कोरडे वाटतील, परंतु माझ्या मते उपक्रमाचे यश याच ओळीवर अवलंबून असते. ती ओळ नसेल तर कलावंताचा हळूहळू बालविभागाचा कार्यशाळा-शिक्षक, भित्तिपत्रके रंगवणारा मदतनीस आणि पाहुण्यांना दाखवायची व्यक्ती होऊन जातो. त्याचे स्वतःचे काम थांबले की लोकांना पाहण्यासारखेही काही उरत नाही.

कलावंताकडून काय मागावे, हा त्याहून नाजूक प्रश्न आहे. बार्बरा स्टेव्हेनी आणि जॉन लॅथम या कलावंतांनी १९६६ साली लंडनमध्ये ‘आर्टिस्ट प्लेसमेंट ग्रुप’ स्थापन केला आणि कलावंतांना कारखान्यांत व सरकारी खात्यांत पाठवले. कलावंताने शेवटी अमुक एक वस्तू तयार करून द्यावी अशी अट घालायची नाही, आधी त्याला त्या जागेत वावरू द्यायचे, असे त्यांचे तत्त्व होते. ‘प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीवर वाचनाचे महत्त्व सांगणारे चित्र हवे’ असे पहिल्याच दिवशी सांगणारे ग्रंथालय खरे तर एका रंगाऱ्याला काम देत असते. त्या कामातही गैर काही नाही, पण त्यासाठी हा उपक्रम नको.

वावरणे म्हणजे काय, हे मिर्ल लेडरमन युकेलिस यांच्या कामावरून समजते. १९७७ पासून त्या न्यूयॉर्क शहराच्या स्वच्छता खात्याच्या निवासी कलावंत आहेत. १९७९-८० मध्ये त्यांनी खात्यातल्या सुमारे ८,५०० सफाई कामगारांना प्रत्यक्ष भेटून प्रत्येकाशी हस्तांदोलन केले आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल त्याचे आभार मानले. ग्रंथालयातही पुस्तकांची तालिका तयार करणारे, फाटक्या पानांची डागडुजी करणारे, परत आलेली पुस्तके रोज जागेवर लावणारे हात असतात. कलावंताचे पहिले आठवडे त्यांच्या सोबत जावेत, असे मी आग्रहाने सांगेन. कोणते पुस्तक सतत मागितले जाते, कोणत्या वर्तमानपत्राची जुनी फाइल तुकडे पडत चालली आहे, हे संगणकाच्या तालिकेपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते.

आता व्यवहाराच्या काही गोष्टी. तैलरंगांसोबत वापरायचे टर्पेंटाइन पेट घेणारे असते. ओली माती आणि पाण्याची बादली दुर्मिळ ग्रंथांच्या दालनाशेजारी चालत नाही, आणि ढोलकाचा सराव वाचनकक्षाच्या भिंतीपलीकडे नको. जागा निवडताना या गोष्टी पाहिल्या की पुढचे बरेच वाद टळतात. स्वामित्व हक्काचा मुद्दा याहून अवघड आहे. एखादे छायाचित्र ग्रंथालयाच्या संग्रहात आहे एवढ्यावरून ते नव्या कलाकृतीत वापरण्याची मुभा मिळत नाही, आणि ही गोष्ट कलावंताला पहिल्याच बैठकीत सांगायला हवी.

मोठा आक्षेप पैशांचा आहे. पुस्तक खरेदीलाच निधी अपुरा पडत असताना कलावंताला मानधन कशासाठी, असे विचारणाऱ्या सभासदाचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. पुस्तकांच्या निधीला कात्री लावून हा उपक्रम करू नये. त्यासाठी सांस्कृतिक अनुदान, देणगी किंवा स्वतंत्र तरतूद शोधावी आणि ती मिळेपर्यंत थांबावे. मात्र पैसे नाहीत म्हणून कलावंताला फुकट बोलावणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ग्रंथपालाकडून कोणी विनावेतन काम मागत नाही, मग कलावंताकडून तरी का मागावे? शिवाय जो बिनपगारी महिने काढू शकतो तोच मग अर्ज करतो, आणि निवड अर्जापूर्वीच होऊन जाते.

कालावधी संपल्यावर मागे काय राहावे, याचा विचार करारातच व्हावा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, म्हणजे तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात, ब्रायन फू यांनी अशाच निवासी नेमणुकीत ‘सिटिझन डीजे’ हे साधन २०२० साली तयार केले. त्यामुळे संग्रहातल्या, वापरास मोकळ्या असलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे घेऊन कोणालाही नवे संगीत रचता येऊ लागले. एवढे मोठे साधन प्रत्येक ग्रंथालयाला शक्य नाही. पण कलाकृतीची एक प्रत, कच्च्या आराखड्यांची वही आणि त्या कामासाठी वापरलेल्या प्रत्येक पुस्तकाचा, नकाशाचा व ध्वनिफितीचा दाखल क्रमांक एवढे तरी ग्रंथालयाने जपावे आणि त्याची तालिकेत रीतसर नोंद करावी, म्हणजे पुढच्या सभासदाला देवघेवीच्या टेबलावर तीच सामग्री क्रमांक सांगून मागता येईल.