सिंथ निवडताना आधी गंधार ऐका

(मिरजेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'कोणता सॉफ्टवेअर सिंथ घ्यावा'. सिंथ म्हणजे संगणकावर आवाज घडवणारं, कीबोर्डने वाजवायचं वाद्य. त्याचं उत्तर मी देणार आहे, नावं घेऊन देणार आहे. पण आधी दोन मिनिटं मागचा तंबोरा ऐका. मिरजेच्या माणसांना तंबोरा ऐका म्हणून सांगायचं म्हणजे धाडसच आहे. इथल्या सतारी-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जवारीखालचा, म्हणजे तार आणि घोडीमधला, दोरा केसभर सरकवला की काय होतं, हे तुमच्यातल्या कितीतरी जणांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरीही ऐका. खर्ज, म्हणजे खालच्या 'सा'ची तार, छेडला की वर हळूच गंधार, म्हणजे 'ग', उमटतो. तो कोणी लावलेला नाही. तारेच्या मूळ आंदोलनांच्या पाचपट आंदोलनांचा उपस्वर म्हणजेच हा स्वयंभू गंधार.

आपल्या पाठ्यपुस्तकांत षड्जाची, म्हणजे 'सा'ची, सेकंदाला 240 आंदोलनं धरतात. त्या हिशेबाने हा गंधार उतरवून मध्य सप्तकात आणला की 300 आंदोलनांवर बसतो, षड्जाच्या अगदी 5/4 पट. आता लॅपटॉपवरचा कोणताही सिंथ उघडा, त्याच षड्जावर गंधार वाजवा. तो येतो 302.4 वर. फरक 14 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा भाग. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय बिघडतं? दोन्ही स्वर एकदम धरा. षड्जाचा पाचवा उपस्वर 1200 वर आणि गंधाराचा चौथा 1209.5 वर, असे दोघे शेजारी येतात आणि सेकंदाला नऊ-दहा वेळा थरथर ऐकू येते. शुद्ध गंधार लावला की ती थरथर संपते आणि दोन स्वर एकमेकांत विरघळतात. हे कळायला कान तयार असावे लागत नाहीत. लहान मुलालाही ते कळतं.

कीबोर्डने हा सौदा का केला, तेही सांगायला हवं. बाराही पट्ट्यांमधलं अंतर समान ठेवलं की कोणतीही पट्टी 'सा' करता येते, हवा तो कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा गुच्छ, वाजवता येतो. पाश्चात्त्य संगीताला ते हवं होतं. आपला षड्ज मात्र मैफल संपेपर्यंत हलत नाही. जी सोय आपल्याला लागतच नाही, तिची किंमत आपण का मोजायची?

मला हे इतकं का लागतं, ते सांगतो. एका स्टुडिओत अभंगाचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. चाल भूप रागातली. गाणारी मुलगी गुरूंसमोर तंबोऱ्यावर बसून वर्षानुवर्षं शिकलेली. खाली एका महागड्या सिंथचा पॅड, म्हणजे लांबत राहणारा भरणीचा आवाज, लावलेला, ऐकायला फार गोड, मखमली. तिने पहिली ओळ म्हटली आणि काचेपलीकडून आवाज आला, "ताई, गंधार जरा उतरतोय." तिने पुन्हा म्हटलं. "अजून उतरतोय." ती डोळे मिटून पुन्हा गायली आणि गंधार पुन्हा तिथेच लागला, कारण तो तिथेच असतो! मग ती गोंधळली. गळ्यावरचा विश्वास डळमळला की काय होतं, हे गाणाऱ्यांना सांगायला नको. षड्जही हलायला लागला. शेवटी "असू द्या, आपण नंतर दुरुस्त करू" असं म्हणून तिला घरी पाठवलं, आणि रात्री सॉफ्टवेअरने तिचे गंधार एकेक करून 14 सेंट वर ओढले. तयार झालेलं गाणं मी ऐकलंय. स्वर मोजून बरोबर होते आणि त्यातला भूप निघून गेला होता.

माझा राग पिच दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरवर नाही. राग याचा आहे, की माणसाला यंत्राशी जुळवावं असं सगळ्यांच्या मनात आलं, आणि यंत्र माणसाशी जुळवावं असं एकाच्याही मनात आलं नाही. पॅडचा गंधार खाली आणायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती.

हे भांडण जुनं आहे, आणि तुमच्याच भागातलं आहे. पेटी वाजवणारे कोण आहेत, हात वर करा. बरेच आहात. पेटीचे स्वरही असेच समान अंतरावर बसवलेले. थांबा, तुमच्या बाजूचंही बोलणार आहे. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती 1971 मध्ये सैल झाली. कानाची तक्रार खरी होती, पण शिक्षा वादकांना झाली. त्याच्या कितीतरी आधी, 1910 च्या सुमाराला, सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी दुसरा मार्ग धरला होता. पेटीला हाकलायचं नाही, पेटीच सुधारायची. मदतीला अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा. खाँसाहेब गाणार आणि देवल आंदोलनं मोजणार! त्यांचे सहकारी क्लेमेंट्स हे इंग्रज न्यायाधीश. त्यातून श्रुतिपेटी, म्हणजे सूक्ष्म स्वर वाजवणारी पेटी, तयार झाली आणि 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती पुढे आली. तिच्यावर वाद झाला, आणि जास्तीच्या पट्ट्यांमुळे ती वाजवायलाही अवघड. बावीस श्रुतींची त्यांची मांडणी सगळ्यांनी मान्य करावी, असं मी म्हणत नाही. पण देवलांना जे लाकूड, पितळ आणि पत्र्यांनी करावं लागलं, ते आज एका छोट्या फाइलने होतं, आणि आपण ते करत नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे सिंथबद्दल आता भराभर.

प्रीसेट, म्हणजे सिंथसोबत येणारे तयार आवाज, ऐकून सिंथ घेऊ नका. प्रीसेटमध्ये कोरस असतो, एकाच स्वराचे सात-आठ आवाज थोडेथोडे सरकवून पसरलेले असतात, त्यात बेसूरपणा झाकला जातो. कोरा पॅच, म्हणजे काहीच न घडवलेला आवाज, उघडा, साधी सॉ (करवतीच्या दातांसारखी) लहर घ्या, सगळे इफेक्ट बंद करा, सा-ग धरा. मग हा सिंथ बाहेरची ट्यूनिंग फाइल, म्हणजे कोणता स्वर कुठे बसवायचा ते सांगणारी फाइल, घेतो का ते बघा. स्काला नावाची साधी मजकुराची फाइल असते, तिच्यात 9/8, 5/4, 3/2 असे स्वर लिहायचे. सोबतच्या दुसऱ्या फाइलमध्ये 'सा' कोणत्या पट्टीवर आणि किती आंदोलनांचा, ते सांगायचं. गायिकेची काळी एक असेल तर काळी एक.

माझी पहिली शिफारस सर्ज एक्सटी. फुकट आहे, 2018 पासून त्याचा कोड खुला आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो, आणि फाइल ओढून त्याच्या खिडकीवर टाकली की सूर बदलतात. दुसरं कारण मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. पुष्कळ सिंथ कोणतंही अंतर ठरलेल्या एकाच वेळात कापतात, सा-रे असो की मंद्र पंचमापासून षड्जापर्यंत असो. गळा तसं करत नाही. सर्जमध्ये वेळेऐवजी वेग कायम ठेवता येतो आणि घसरण्याचा बाकही बदलता येतो.

दुसरा व्हायटल, 2020 चा. मूळ आवृत्ती फुकट आहे, ट्यूनिंग फाइल घेतो, आणि लहर पडद्यावर हलताना दिसते म्हणून शिकणाऱ्याला फार चांगला. घंटेसारखे, काचेसारखे आवाज हवे असतील तर डेक्स्ड. 1983 च्या यामाहा डीएक्स7 या कीबोर्ड सिंथचा तो अवतार, तोही फुकट, आणि त्याचेही सूर बदलता येतात. पैसे खर्चायचेच असतील तर यू-ही कंपनीचा डीवा. जुन्या अ‍ॅनालॉग वाद्यांची ऊब त्याच्याइतकी मला दुसरीकडे मिळालेली नाही. मात्र तो प्रोसेसरला घाम फोडतो, म्हणून आधी स्वतःच्या मशीनवर चाचणी आवृत्ती वाजवून बघा. सीरम 2014 पासून गाजतोय, नृत्यसंगीत करणार असाल तर जरूर घ्या. अभंग आणि भावगीतासाठी मी त्याच्याकडे वळत नाही. ऑम्निस्फिअर 60 जीबीहून मोठा आहे, तयार आवाजांचा खजिना आहे. चित्रपटाचं पार्श्वसंगीत करणाऱ्यांनी त्याबद्दल मला प्रश्नोत्तरांत विचारा.

ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी नंतर थांबा. पेनड्राइव्हवर सर्ज आहे आणि भूपाची फाइल आहे. सोबत एखाद्या गायकालाही थांबवून घ्या, फाइल बरोबर आहे की नाही ते त्यानेच सांगायचं. धैवत, म्हणजे 'ध', मी 5/3 चा ठेवलाय. त्याला तो उतरलेला वाटला, तर 27/16 करून तिथेच ऐकू.