काउंटीचं दप्तर आणि आपली चाररेघी वही
(उत्तर व्हर्जिनियातल्या मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘काउंटीच्या दप्तरातले माजी सैनिक’. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच म्हणा. सैनिकांकडे आपण जाणारच आहोत, पण वाटेत एक गाडी आणि एक मृत्युपत्र आहे, तेव्हा जरा धीर धरा. वडे अजून तळायचेत, मी आत डोकावून आलोय.

लाउडन काउंटीत कुणाकुणाचं घर आहे? हात वर करा. बरेच आहेत. आता फेअरफॅक्सवाले? हं. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घराची डीड, म्हणजे खरेदीखत, इथल्या कोर्टाच्या क्लार्ककडे नोंदलेली आहे. घर घेताना सह्या करकरून बोटं दुखली, त्या दिवशी नोंदणीची फीही भरलीत. व्हर्जिनियात त्या फीमधला थोडा भाग कोर्टातले जुने कागद सांभाळण्यासाठी जातो. म्हणजे तुम्ही सगळे या कामाचे आश्रयदाते आहात, फक्त कुणी हार घातला नाही! लाउडनची ही दप्तरं १७५७ पासूनची आहेत. तिकडे प्लासीची लढाई झाली, त्याच साली इथे काउंटी झाली.

दोन सैन्यं या काउंटीतून आलटूनपालटून गेली, तरी हे दप्तर टिकलं. त्याचं श्रेय जॉर्ज फॉक्स नावाच्या काउंटी क्लार्कला. १८६२ मध्ये, अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधलं यादवी युद्ध ऐन भरात असताना, या गृहस्थाने लीसबर्गच्या कोर्टातलं रेकॉर्ड गाडीत भरलं आणि पार दक्षिणेकडे कॅम्पबेल काउंटीत नेऊन ठेवलं. युद्ध संपल्यावर, १८६५ मध्ये, परत आणलं. ही जुनी डीड बुकं तुम्ही कधी उचलून पाहिलीत का? एक उचललं की पाठ दुसऱ्याला नको म्हणते. बाकीचे लोक तोफा ओढत होते तेव्हा हा माणूस खरेदीखतं, मृत्युपत्रं आणि कोर्टाचे हुकूम ओढत होता. मला त्याच्याबद्दल इतकं प्रेम आहे की आमच्या घरात आता फॉक्सचं नाव काढायला बंदी आहे. म्हणून इथे काढतोय.

आता दुसरी बाजू बघा. हॅनोव्हर, जेम्स सिटी, ग्लॉस्टर या काउंट्यांनी शहाणपण केलं. आपलं रेकॉर्ड व्हर्जिनियाच्या राजधानीत, रिचमंडला पाठवलं. राजधानीइतकी सुरक्षित जागा कुठली? ३ एप्रिल १८६५ ला दक्षिणेच्या सैन्याने रिचमंड सोडताना तंबाखूच्या गोदामांना आग लावली, ती पसरली आणि ज्या कोर्टाच्या इमारतीत हे कागद होते तीही गेली. वंशावळी शोधणारे लोक आजही या ‘जळक्या काउंट्यां’च्या नावाने कपाळावर हात मारतात.

यावरून तुम्ही म्हणाल, कागद गावाबाहेर जाऊच देऊ नये. तसंही नाही. जॉर्ज वॉशिंग्टनचं मृत्युपत्र फेअरफॅक्सच्या कोर्टात होतं. तेही रिचमंडला नेलं होतं आणि ते वाचलं. घड्यांवर तुटलं, पण वाचलं. त्यांच्या पत्नी मार्थाबाईंचं मात्र फेअरफॅक्सलाच राहिलं. उत्तरेच्या सैन्यातल्या एका अधिकाऱ्याने ते उचलून घरी नेलं. पुढे त्याच्या मुलीने ते विकलं. घेणारे कोण? जे. पी. मॉर्गन. तेच ते, बँकवाले. व्हर्जिनिया म्हणे, आमचा कागद परत करा. मॉर्गन गेले, चिरंजीव आले, कागद काही येईना. शेवटी राज्याने थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तेव्हा कुठे १९१५ मध्ये मार्थाबाई घरी परतल्या. एका कागदासाठी सर्वोच्च न्यायालय! आणि मी गावी पणजोबांच्या जमिनीचा फेरफार मागायला गेलो, तर रेकॉर्ड रूममधले भाऊसाहेब मान वर न करता म्हणाले, “रुमाल सापडत नाही.” रुमाल म्हणजे जुने कागद बांधून ठेवलेलं फडकं. वाळवीने खाल्ला असेल का, विचारलं. “वाळवीलाही सापडायला हवा ना!” (हशा) हसू नका, माझे दोन गुंठे आहेत त्यात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? वहिनी, अजून युद्धच संपलं नाही... बरं, पळतो.

व्हर्जिनियात १८६० च्या दशकापर्यंत मतदान तोंडी असे. तुम्ही सगळ्यांसमोर उभं राहून मत बोलायचं, कारकून लिहून घ्यायचा. त्यामुळे मे १८६१ मध्ये संघराज्यातून फुटायचं की नाही हा कौल घेतला, तेव्हा कोण काय बोललं हे नावानिशी लिहिलं गेलं. लाउडनने दुपटीहून जास्त मतांनी फुटायचं ठरवलं, पण वॉटरफर्ड आणि लव्हट्सविल विरोधात गेले, आणि त्याच गावांतून लाउडन रेंजर्स ही उत्तरेची पलटण उभी राहिली. या सैनिकांना पेन्शन केंद्राने दिलं, त्यांचे कागद वॉशिंग्टनला. दक्षिणेकडून लढलेल्या शेजाऱ्याला केंद्र कशाला देईल? त्याला १८८८ च्या कायद्याने राज्याने दिलं, ते अर्ज आता रिचमंडला. जखम कुठे झाली, साक्षीदार कोण, जवळ मालमत्ता किती, सगळं त्यात आहे. दक्षिणेच्या सैन्यात राबवून घेतलेल्या काळ्या स्वयंपाक्यांना आणि गाडीवानांना हे पेन्शन १९२४ मध्ये खुलं झालं. युद्धानंतर साठेक वर्षांनी! त्यातले किती जण उरले असतील, तुम्हीच हिशेब करा. युद्धाआधीच्या स्वतंत्र काळ्या लोकांची आणखी एक वही क्लार्ककडे असे. १७९३ च्या कायद्याने गुलाम नसलेल्या प्रत्येक काळ्या माणसाला नाव नोंदवावं लागे. वय, उंची, अंगावरचे व्रण, आणि स्वातंत्र्य कसं मिळालं ते. ती वही मी तुम्हाला सावकाश वाचून दाखवणार होतो.

आता माझं मुख्य म्हणणं. यातलं पुष्कळ स्कॅन झालंय, पण वाचणारा नाही. हे सगळं कर्सिव्हमध्ये, म्हणजे जोडून लिहिलेल्या इंग्रजी अक्षरांत आहे आणि इथल्या तरुण पिढीतल्या बऱ्याच मुलांना कर्सिव्ह वाचता येत नाही. मोडीचं आपल्याकडे झालं तेच. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला निघाले, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची केवढी शोधाशोध झाली! आणि इथे या खोलीत बसलेत कोण? चाररेघी वहीत कर्सिव्ह गिरवून, छड्या खाऊन, शेपटीवाला एफ काढलेले लोक. नॅशनल आर्काइव्ह्ज आणि लायब्ररी ऑफ व्हर्जिनिया, दोघांकडेही असे कागद घरबसल्या वाचून टाइप करून देणारे स्वयंसेवक असतात. निवृत्त झालात, नातवंडं शाळेत गेली, सकाळी दोन तास मोकळे आहेत. आणखी काय हवं?

हो हो, थांबलोच. कागद फिरवतोय, नाव आणि ईमेल लिहा. कर्सिव्हमध्येच लिहा, म्हणजे परीक्षाही उरकेल.