यार्डात उभ्या गाड्या

नमस्कार श्रोतेहो.

२०१९ च्या ऑगस्टमधली एक दुपार सांगते. पुण्याजवळ मोशीच्या पुढे एका कार डीलरचं यार्ड आहे, तिथं मी बँकेच्या वतीनं स्टॉक ऑडिटला गेले होते. डीलर कंपनीकडून गाड्या उचलतो त्या बँकेच्या पैशानं. मग ज्या गाड्यांवर कर्ज दिलंय त्या खरोखर जागेवर आहेत ना, हे बँक अधूनमधून माणूस पाठवून मोजून घेते. हातात यादी धरायची, एकेका गाडीचा चासी नंबर बघायचा आणि टिक मारायची. एरवी दीड-दोन तासांचं काम, पण त्या दिवशी अंधार पडायला आला तरी माझी यादी संपेना. यार्ड तर भरलंच होतं. शेजारच्या शेतकऱ्याचं पडीक रान भाड्यानं घेतलं होतं, तिथंही गाड्या दाटीवाटीनं लावलेल्या. पावसाचे दिवस, चाकांपाशी घोट्याएवढं गवत.

यार्डातला एक मुलगा जंपर केबल घेऊन माझ्याबरोबर फिरत होता. गाडी नुसती उभी राहिली की बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबून बसतात. म्हणून दर काही दिवसांनी ती चालू करून हातभर पुढं घ्यावी लागते. तो म्हणाला, "मॅडम, आधी गाडी आली की चार दिवसांत तिला हार पडायचा. आता मी हिला नुसता पुढं-मागं करतोय."

त्याच ऑगस्टमध्ये मोटारी, एसयूव्ही आणि व्हॅन मिळून देशात १,९६,५२४ गाड्या विकल्या गेल्या, आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१.५७ टक्के कमी. उत्पादकांची संघटना सियाम १९९७-९८ पासून आकडे ठेवते, तेव्हापासून त्या ऑगस्टपर्यंतची ही सर्वांत मोठी घसरण. बातमीत आपण एवढंच ऐकतो. पण यातली एक गंमत बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. गंमत म्हणजे आपल्यासाठी, डीलरसाठी नाही. हे आकडे गिऱ्हाइकाला विकलेल्या गाड्यांचे नसतात, कंपनीनं डीलरकडे धाडलेल्या गाड्यांचे असतात. गाडी फाटकातून ट्रेलरवर चढली की कंपनीच्या वहीत विक्री झाली. त्यामुळे कंपनीचा आकडा पडायच्या कितीतरी आधी यार्डात गवत उगवलेलं असतं.

मंदी आली की मोटार कंपनी काय करते, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे. ती भार खाली सरकवते. पहिला डीलरवर, मग सुटे भाग करणाऱ्या व्हेंडरवर, आणि शेवटी कंत्राटी पोरांवर. सगळ्याच कंपन्या दुष्ट असतात म्हणून नव्हे. कोट्यवधींचे प्रेस, पेंट शॉप, रोबो उभे असतात. गाड्या निम्म्या निघाल्या म्हणून त्यांचा खर्च काही निम्मा होत नाही.

डीलरचा हिशेब घ्या. समजा सात लाखांची गाडी आहे आणि व्याज ११ टक्के. म्हणजे ती नुसती उभी राहिली तरी रोजचे दोनशे अकरा रुपये. अशा तीनशे गाड्या असतील तर दिवसाला त्रेसष्ट हजार, रविवार धरून. मार्जिन चार टक्के धरलं तर गाडीमागे अठ्ठावीस हजार. साडेचार महिन्यांत ते नुसतं व्याजातच जातं. भाडं, पगार, विमा वेगळे. त्यात कंपनीच्या एरिया मॅनेजरचा महिनाअखेरीला फोन: आणखी वीस गाड्या घ्या, टार्गेट होतंय. डीलरांच्या फाडा या संघटनेनं त्या वेळी सांगितलं होतं की, तीन महिन्यांत शोरूममधल्या जवळजवळ दोन लाख नोकऱ्या गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, किंमत का नाही उतरवत? किंमत उघड उतरवली तर गेल्या महिन्यात घेणारा भांडायला येतो आणि जुन्या गाड्यांचा भावही पडतो. म्हणून कंपनी किंमत तशीच ठेवून भोवती सवलती लावते. कॅश डिस्काउंट, एक्स्चेंज बोनस, सरकारी नोकरांना वेगळी सूट, विमा फुकट, वर सीट कव्हर आणि मॅट. यातला काही वाटा पुष्कळदा डीलरच्या खिशातून जातो. त्या वर्षीची एक डिलिव्हरी आठवते. गिऱ्हाईक काका प्रत्येक सवलतीवर बोट ठेवून "हे कोण देतंय?" विचारत होते. सेल्समनला उत्तर येईना. प्रश्न अगदी बरोबर होता.

सवलतीनं भागलं नाही की मग कारखानाच बंद ठेवायचा. याला आपल्याकडे ब्लॉक क्लोजर म्हणतात. मारुतीनं ७ आणि ९ सप्टेंबर २०१९ ला गुरुग्राम आणि मानेसरचं उत्पादन थांबवलं. महिंद्रा, टाटा मोटर्स, अशोक लेलँड यांनीही असे दिवस घेतले. मोठ्या कंपनीत दोन दिवस बंद म्हटलं की ऐकायला किरकोळ वाटतं. भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये जाऊन बघा. तिथं कंपनीकडून शेड्यूल येतं, अमुक ब्रॅकेट अमुक नग. त्या सप्टेंबरमध्ये एका ओळखीच्या कारखानदारांकडे गेले होते. तीन शिफ्टच्या जागी एकच चालू. डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, तेल लावून रॅकवर ठेवलेले. आधी आवाजामुळे तिथं ओरडून बोलावं लागायचं, त्या दिवशी बाहेरच्या टपरीवरचा रेडिओ आत ऐकू येत होता.

कामगाराचं काय होतं? कायद्यात ले-ऑफची, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवण्याची, तरतूद आहे. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळायची, पण ती हजेरीपटावर वर्ष भरलेल्याला, आणि कारखान्यात किमान पन्नास माणसं असतील तर. ज्याला सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो, म्हणजे कामात खंड पाडला जातो, त्याचं वर्ष भरतच नाही. त्याला कुणी कामावरून काढतही नाही, फक्त ठेकेदार म्हणतो, "सोमवारी फोन करतो." चाकणला तेव्हा चार-चार पोरांच्या खोल्या एकामागून एक रिकाम्या होत होत्या. बीड, लातूर, नांदेडकडची पोरं पिशवी घेऊन गावी गेली.

ही मंदी नुसती लोकांच्या मनातून आलेली नव्हती. २०१८ च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी बुडाली आणि गाड्यांना कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांचे हात आखडले. त्याच महिन्यापासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरणं सक्तीचं झालं. वर १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम, बीएस-६, लागू होणार होते, म्हणजे जुनी गाडी घ्यावी की थांबावं, या पेचात गिऱ्हाईक. आणि तरी ऐन त्या ऑगस्टमध्ये किया नावाची, आपल्याकडे नवीकोरी असलेली कंपनी सेल्टॉस घेऊन बाजारात उतरली आणि गाडी धडाक्यात खपली. नवीन काही दिसलं की माणूस मंदी विसरतो, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून त्या चहापाण्याचा खर्च तोडतील, नव्या मॉडेलचा शक्यतो तोडत नाहीत.

सरकारचं काय? २० सप्टेंबरला जीएसटी परिषद गोव्यात पणजीला भरली होती. अर्थमंत्र्यांनी तिथून कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याचं जाहीर केलं. शेअर बाजार उसळला. मारुतीनं पाच दिवसांनी काही गाड्या पाच हजारांनी स्वस्त केल्या. गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी मात्र तसाच राहिला. माझ्या त्या डीलरांची भागीदारी फर्म, भोसरीच्या कारखानदारांची प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीची. दोघांनाही कंपनी कर लागूच नाही, तर सवलत कसली? भार उतरत खालपर्यंत आला, मदत मात्र वरच्या मजल्यावरच थांबली.

मला पटलेला उपाय अमेरिकेतला आहे. २००९ च्या जानेवारीत, तिकडे रोज नोकऱ्या जात असताना, ह्युंदाईनं सांगितलं: गाडी घ्या, वर्षभरात नोकरी गेली तर परत आणून द्या. सवलत कुणीही देतं. लोकांना भीती किमतीची नव्हती, पुढच्या महिन्याच्या हप्त्याची होती. ती ओळखून कंपनीनं त्यातला थोडा भार स्वतःच्या खांद्यावर घेतला. आपल्याकडे असं धाडस मी तरी पाहिलेलं नाही.

पुढे करोना आला. एप्रिल २०२० मध्ये मारुतीची देशातली विक्री शून्य होती. मग गाडीत लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिप मिळेनात, यार्ड ओस पडलं आणि गिऱ्हाईक सहा-सहा महिने थांबू लागलं. २०२४ च्या पावसाळ्याअखेर यार्डं पुन्हा तुडुंब. आणि गेल्या वर्षी, २०२५ च्या १५ ऑगस्टला, जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं मात्र, गिऱ्हाईक जागच्या जागी थबकलं. "घटस्थापनेला बघू." २२ सप्टेंबरला लहान गाड्यांवरचा कर १८ टक्के झाला, जीएसटीच्या वर लागणारा सेस गेला. यार्डातल्या गाड्यांवर आधीच भरलेल्या सेसचं काय, म्हणून डीलर पुन्हा आमच्यासारख्यांकडे कागद घेऊन आले.

दसऱ्यानंतर मोशीला गेले तेव्हा यार्डात मोजायला फारसं काही नव्हतं. जंपर केबलवाला मुलगा आता डिलिव्हरीचं बघतो. मान वर करायला सवड नव्हती त्याला. शेजारचं रान शेतकऱ्यानं परत घेऊन तिथं प्लॉट पाडलेत. मी सहज मालकांना म्हटलं, "आता जागा लागली तर पंचाईत होईल." ते म्हणाले, "नाही हो मॅडम. आळंदी रोडला दोन एकर बघून ठेवलंय."

नमस्कार.