मायेच्या स्पर्शाचे मज्जातंतू

श्रोतेहो, शेजारी घरचंच माणूस बसलं असेल तर एक करून बघा. त्याच्या हातावरून, कोपरापासून मनगटापर्यंत, बोटं हळूच फिरवा. सहा-सात सेकंद लागू द्या. मग तेवढंच अंतर झर्रकन कापा. पहिला स्पर्श सुखावतो, दुसरा नुसताच कळतो.

हा फरक त्वचेतच सुरू होतो. स्पर्शाची वार्ता मेंदूकडे नेणारे काही तंतू वेगवान असतात, सेकंदाला पन्नासेक मीटर. काय टेकलं, कुठे टेकलं, हे ते सांगतात. पण केसाळ त्वचेत दुसरेही तंतू आहेत, अगदी संथ, सेकंदाला जेमतेम एक मीटर. त्यांना सी-टॅक्टाइल म्हणतात. स्वीडनच्या इंग्वे झॉटरमन यांनी १९३९ साली ते मांजरांत नोंदवले. माणसातही ते आहेत हे दिसायला पुढे अर्धं शतक लागलं. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर वेगाने कोणी कुरवाळलं की ते सर्वाधिक जागे होतात, आणि तेही कुरवाळणाऱ्या हाताची ऊब माणसाच्या त्वचेइतकी असेल तेव्हा. आजारात वेगवान तंतू गमावलेल्या एका बाईंचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. हातावरून मऊ ब्रश फिरवला की त्यांना पुसटसं, सुखद काहीतरी जाणवे, आणि मेंदूतला भावनांशी निगडित असलेला इन्सुला हा भाग सक्रिय होई. म्हणजे माया जाणवायला शरीराने वेगळी वाट राखून ठेवली आहे. मला हे फार मोलाचं वाटतं.

आता कमी दिवसांच्या बाळाकडे या. आपल्याकडे चटकन म्हणतात, 'बाळाला पेटीत ठेवलंय.' पेटी ऊब देते, जीवही वाचवते. तिला नावं ठेवायची नाहीत. पण १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियात, बोगोटाच्या सरकारी प्रसूतिगृहात पेट्या अपुऱ्या होत्या, जंतुसंसर्गाने बाळं दगावत होती. डॉ. एदगार रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर उभं बांधायला सुरुवात केली. आज आपण त्याला कांगारू केअर म्हणतो. आईच्या अंगाने बाळ उबदार राहतं, दूध जवळ मिळतं. बाळाच्या सहवासात आणि चोखण्याने आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवतं, दूध उतरतं.

तरी बरीच वर्षं समज असा होता, की आधी बाळ स्थिर होऊ दे, मग आईकडे देऊ. २०२१ साली भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच रुग्णालयांतल्या अभ्यासाने तो मोडला. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी धरलं, दिवसाला सुमारे सतरा तास. पहिल्या २८ दिवसांत त्यांच्यातली १२ टक्के दगावली. नेहमीच्या पद्धतीच्या गटात १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास मुदतीआधीच थांबवला.

म्हणून माझा आग्रह आहे, की नवजात अतिदक्षता विभागात आईसाठी पलंग असलाच पाहिजे. तिला काचेबाहेर उभं ठेवणं म्हणजे उपचाराचाच एक भाग बाहेर ठेवणं. सिझेरियनमुळे ती उठू शकत नसेल, तर बाबांनी शर्ट काढून बसावं, आजीने बसावं. डॉक्टरांना तसं विचारा. संकोच करू नका.